पत्रा, डाय आणि घर्षणाची जागा



व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांना इतिहास अपेक्षित असतो, साहित्य असते, फार तर अर्थकारण. पत्र्यावर तासभर बोलायला कुणाला बोलवायचे, हे धाडस संयोजकांचे. निभावण्याची जबाबदारी तेवढी माझ्याकडे आली. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांची हयात टूलरूममध्ये गेली, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या बोटांना अजून पॉलिश पेपरची सवय असेल. तेव्हा विषय घरचाच आहे.

सुरुवात एका तक्रारीने करतो. भोसरीपासून चाकणपर्यंत, सातपूरपासून वाळूजपर्यंत कुठल्याही प्रेसशॉपमध्ये ती ऐकू येते. सकाळी पाळी सुरू होते तेव्हा माल उत्तम निघतो. अकराच्या सुमारास कोपऱ्यात बारीक चीर दिसायला लागते. कॉइल तीच, डाय तीच, ऑपरेटर तोच. सेटर पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या कुशनचा दाब थोडा उतरवतो, तर चीर जाते आणि कडेला सुरकुत्या येतात. दाब वाढवला की सुरकुत्या जातात, चीर परत हजर. मग जेवणाच्या सुट्टीत प्रेस अर्धा तास बंद राहते आणि त्यानंतरचे काही नग पुन्हा व्यवस्थित निघतात. सगळे एकमुखाने म्हणतात, पत्राच खराब आला आहे. बिचाऱ्या पत्र्याचा त्यात बहुधा काही दोष नसतो. शेकडो ठोक्यांनंतर डाय तापलेली असते, तापलेल्या डायवर तेल पातळ होते, पातळ तेल दाबाखालून निसटते आणि घर्षण वाढते. सुरकुती आणि चीर यांच्यामध्ये काम करायला जी फट असते, ती घर्षण जरासे हलले की सरकते. ही फट रुंद कशी करायची, आणि त्यासाठी डायच्या पृष्ठभागाचा विचार कसा करायचा, एवढाच माझा आजचा मुद्दा आहे.

जे या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. घरातला स्टीलचा डबा सपाट, गोल चकतीपासून होतो. ही चकती, म्हणजे ब्लँक, डायवर ठेवतात, वरून ब्लँक होल्डर तिची कड दाबून धरतो आणि मधून पंच खाली उतरतो. चकतीची बाहेरची कड आत ओढली जाते. मोठ्या वर्तुळातला धातू लहान वर्तुळात मावायला हवा, म्हणून कडेला तो परिघाच्या दिशेने आवळला जातो आणि सुरकुतायला बघतो. होल्डर त्यासाठीच असतो. इकडे पंचाच्या गोलाईजवळची भिंत हा सगळा भार ओढत असते. ती जिथे सर्वांत पातळ होते तिथे फाटते. एका ओढीत साधारणपणे पंचाच्या व्यासाच्या दुपटीएवढ्याच व्यासाची चकती घेता येते. त्याहून खोल भांडे हवे असेल तर दुसरी ओढ, तिसरी ओढ.

या खेळात घर्षण एकाच जागी नसते. चकतीच्या कडेला, म्हणजे फ्लँजला, ते दोन्ही बाजूंनी असते, खाली डायचे आणि वर होल्डरचे. डायच्या रेडियसवर, म्हणजे तिच्या तोंडाच्या गोलाईवर असते. पंचाच्या नाकावर, म्हणजे टोकाच्या गोलाईवर, आणि त्याच्या भिंतीवरही असते. पहिल्या दोन ठिकाणी ते नको. तिसऱ्या ठिकाणी, निदान खोल भांड्यांच्या कामात, ते हवे असते, कारण पंचाने पत्रा पकडून ठेवला तर नाकाजवळची भिंत ताणली जात नाही, भार पंचच वाहतो. म्हणून जाणता फिटर डायचा रेडियस घासून घासून गुळगुळीत करतो आणि पंचाच्या नाकाला मात्र पेपरचा खरबरीतपणा राहू देतो. तेलही फ्लँजलाच लावतो, पंचाकडे लावत नाही. गाडीच्या दरवाज्याचे बाहेरचे पॅनेल घेतले तर हिशोब उलटतो. तिथे पत्रा पंचावर पसरून ताणायचा असतो, म्हणून पंचावरचे घर्षणही कमी लागते. तेव्हा ‘घर्षण कमी करा’ असा सरसकट हुकूम सोडता येत नाही. कुठे कमी करायचे, हे आधी ठरवावे लागते.

डायच्या रेडियसवर थोडा वेळ थांबू, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होते. खुंट्याला दोर गुंडाळला की एका टोकाला लहानसा हात लावूनही दुसऱ्या टोकाचा बैल थोपवता येतो. ऑयलरने अठराव्या शतकात या दोराचे गणित मांडले, आणि डायच्या रेडियसवरून वळणाऱ्या पत्र्याला ते जसेच्या तसे लागू पडते. पत्रा तिथे ९० अंश वळतो. समजा फ्लँज ओढायला १०० किलो जोर लागतो. घर्षणांक ०.१५ असेल तर वळणापलीकडे भिंतीला साधारण १२७ किलो ओढावे लागतात. घर्षणांक ०.१० असेल तर ११७, आणि ०.०५ असेल तर १०८. पत्रा वाकवून पुन्हा सरळ करायला लागणारा जोर यात धरलेला नाही. घर्षणांकातला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण भिंतीची ताकद ठरलेली असते. जाडी आणि पोलादाची ताण-ताकद यांच्या गुणाकारापलीकडे ती जात नाही. तो १९ किलोंचा फरक हाच पास आणि रिजेक्शन यांच्यातला फरक असू शकतो. रेडियस मोठा केला तर वळणाचा कोन तेवढाच राहतो, म्हणजे घर्षणाचा हा हिस्साही तेवढाच राहतो. कमी होतो तो वाकवण्याचा जोर आणि चौरस मिलिमीटरवरचा दाब. टूलरूममध्ये या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते.

घर्षणाचे शाळेतले नियम आपल्याला ठाऊक आहेत. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत ते सापडतात, आमोंतॉंने ते १६९९ साली मांडले आणि कूलोंने १७८५ च्या निबंधात पक्के केले. घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. विसाव्या शतकात केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी याचे कारण दाखवले. दोन पृष्ठभाग टेकलेले दिसले तरी खरोखर टेकतात ती फक्त त्यांची टोके, आणि भार वाढला की टोके चपटी होऊन खरा संपर्क त्याच प्रमाणात वाढतो. हे सगळे टेबलावर घसरणाऱ्या ठोकळ्याला ठीक आहे. प्रेसमधला पत्रा मात्र नुसता घसरत नाही, घसरता घसरता त्याचा आकार बदलतो. त्याच्या पृष्ठभागावरची टोके डायखाली चिरडतात, ताणली जातात, कधी नवी वर येतात. दाब फार वाढला की चपटे व्हायला काही उरत नाही, घर्षणाचा जोर पत्र्याच्या स्वतःच्या कातर-ताकदीशी येऊन थांबतो आणि भाराचे प्रमाण सुटते. एकाच डायमध्ये ब्लँक होल्डरखाली दोन-तीन मेगापास्कल दाब असतो आणि रेडियसवर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे एकाच ठोक्यात, हातभर अंतरात, घर्षणाचे दोन वेगळे कायदे चालू असतात. आणि आपण संगणकावर सिम्युलेशन करताना सगळ्या डायला मिळून एकच आकडा घालतो, ०.१२ किंवा ०.१५, आणि मग ट्रायआउटला पत्रा वेगळा का वागला म्हणून डोके खाजवतो.

आता आरशाकडे येऊ. ड्रॉइंगवर ‘मिरर फिनिश’ लिहायची आपल्याकडे रीतच पडली आहे. डाय चकाकली की ग्राहकाचा इन्स्पेक्टर खूश होतो, टूलरूमचा मालक त्याच चकाकीचा फोटो काढून घेतो. पत्रा मात्र त्या चकाकीवर नेहमीच खूश नसतो. आरशासारख्या पृष्ठभागावर तेलाला बसायला जागा नसते. दाब आला की ते कडेने निघून जाते आणि धातूला धातू भिडतो. स्टेनलेसच्या बाबतीत हे विशेष जाणवते. स्टेनलेसचा बारीकसा कण डायला चिकटतो, त्याच्यावर दुसरा बसतो, तो ढीग कडक होतो आणि पुढच्या प्रत्येक नगावर उभी रेघ ओढत जातो. कारखान्यात याला कुणी गॉलिंग म्हणतो, कुणी ‘डाय उचलते’ म्हणतो. ऑपरेटर डोळ्यांनी बघायच्या आधी नखाने ओळखतो. पाच-पंचवीस नगांनी एकदा नख रेडियसच्या कडेने फिरवतो, आणि जिथे ते अडखळते तिथे ऑइलस्टोन लावतो. स्टोन मारायचा तोही पत्रा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने. आडवे ओरखडे राहिले तर त्यांच्या धारदार कडा पत्रा खरवडतात.

पण इथेच एक कोडे आहे. आडवे ओरखडे पत्रा खरवडतात, हे खरे. ओघाच्या दिशेने गेलेल्या चरांतून तेल सरळ वाहून जाते, हेही खरे. मग करायचे काय? उत्तर मिळवण्यासाठी खरबरीतपणा मोजायची आपली पद्धत जरा तपासावी लागते. आपण आरए मोजतो, म्हणजे मधल्या रेषेपासून पृष्ठभाग सरासरी किती वर-खाली आहे. दोन पृष्ठभाग डोळ्यांपुढे आणा. पहिला सपाट आहे आणि त्यावर जागोजागी बारीक टोके उभी आहेत. दुसरा तसाच सपाट आहे, पण त्यात तेवढ्याच मापाचे खड्डे आहेत. एकाची आकृती उलटी धरली की दुसरी मिळते. दोघांचा आरए अगदी सारखा येतो. पहिला पत्र्याला ओरबाडेल, दुसरा तेल साठवेल, आणि मोजणारे यंत्र दोघांना ०.४ मायक्रॉन असे एकच प्रमाणपत्र देईल. फरक दाखवणारा आकडा वेगळा आहे. त्याला आरएसके म्हणतात. टोकांचा पृष्ठभाग असेल तर तो धन येतो, खड्ड्यांचा असेल तर ऋण. माझे मत विचाराल तर डायच्या ड्रॉइंगवर आरए एकट्याने लिहिणे म्हणजे पत्ता लिहिताना फक्त पिनकोड लिहिण्यासारखे आहे. पुण्याच्या इंजिनवाल्यांना ही गोष्ट नवी नाही. सिलिंडरचे बोअर होन करताना आधी तिरक्या चरांची जाळी काढतात, मग तिची वरची टोके छाटून पठार करतात. तेल चरांत राहते आणि रिंग पठारावरून घसरते. तेच डोके डायला चालवायचे आहे.

खरे तर पत्रा बनवणाऱ्यांनी आपल्या बाजूने हे कधीच सुरू केले आहे. गाडीच्या बॉडीचा कोल्ड रोल्ड पत्रा गुळगुळीत नसतो. शेवटच्या रोलवर विजेच्या ठिणग्यांनी बारीक खड्ड्यांची नक्षी काढतात आणि ती पत्र्यावर उमटवतात. साधारण एक मायक्रॉनच्या आसपासचा हा खरबरीतपणा रंगाखाली दिसत नाही, पण प्रेसमध्ये तेल धरून ठेवतो. बंदिस्त खड्ड्यात तेल कोंडले की काय होते, हे प्रत्यक्ष पाहण्याचे काम योकोहामातल्या अझुशिमा यांनी केले. त्यांनी डाय पारदर्शक घेतली आणि तिच्यातून, ॲल्युमिनियमची पट्टी ओढली जात असताना, तिच्यावरच्या खड्ड्यांतले तेल कसे वागते ते पाहिले. पट्टी चपटी होत जाते तसा खड्ड्याचा आकार आक्रसतो, कोंडलेल्या तेलाचा दाब वाढतो आणि बाजूच्या दाबाशी बरोबरी झाली की ते खड्ड्याच्या काठावरून झिरपून शेजारच्या पठारावर पसरते. जिथे तेल पोचत नव्हते तिथे ते आतून पोचते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात नील्स बाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच धागे पुढे नेले आणि नंतर खड्डे पत्र्याऐवजी थेट टूलवर काढून पाहिले.

टूलवर खड्डे काढताना मापांकडे बारकाईने बघावे लागते. खड्डा खोल आणि उभ्या काठाचा असेल तर तेल आतच बसून राहते, बाहेर पडत नाही. फार रुंद असेल तर पत्रा त्यात किंचित उतरतो आणि पुढच्या काठावर घासतो. मग ज्या गॉलिंगसाठी हा उपद्व्याप केला तेच पदरात पडते. म्हणून खड्डे उथळ हवेत, खोली काही मायक्रॉन, काठ मंद उताराचे, आणि लांबट असतील तर ओघाला आडवे, म्हणजे तेल वाहून जायला वाट राहत नाही. दोन खड्ड्यांमधले पठार खड्ड्याच्या रुंदीपेक्षा मोठे ठेवायचे आणि तेच आरशासारखे पॉलिश करायचे. आडव्या ओरखड्यांचे आणि आडव्या खड्ड्यांचे भांडण असे मिटते. ओरखड्याच्या काठाला वर आलेली कड असते, नीट केलेल्या खड्ड्याला नसते. लेझरने खड्डा काढला तर त्याच्या काठावरही वितळलेल्या धातूची बारीक कड उरते, ती काढल्याशिवाय डाय प्रेसवर चढवू नये. हे एक वाक्य विसरल्यामुळे ‘टेक्श्चर वगैरे काही चालत नाही’ असा निकाल कितीतरी ठिकाणी लागला असेल.

आतापर्यंत मायक्रॉनमध्ये बोललो, आता मिलिमीटरमध्ये येतो, कारण तिथली कल्पना मला जास्त आवडते. ड्रॉ बीड आपल्या सगळ्यांना माहीत आहे. फ्लँजमध्ये एक उंचवटा आणि समोर खाच, पत्रा त्यावरून वाकत-सरळ होत जातो आणि अडतो. जनरल मोटर्समध्ये नाइन नावाच्या संशोधकाने १९७८ मध्ये एक साधा, सुंदर प्रयोग केला. स्थिर बीडऐवजी फिरते रोलर लावले. घर्षण जवळजवळ गेले, उरला तो फक्त पत्रा वाकवण्याचा जोर. अशा रीतीने बीडच्या अडवणुकीत घर्षण किती आणि वाकवणे किती, याची फोड करता आली. यातला कारखान्याच्या कामाचा भाग असा की वाकवण्याचा जोर तेलावर अवलंबून नसतो. तो अकरा वाजता तेवढाच असतो जेवढा सकाळी आठला होता.

जर्मनीत गेल्या दशकात बिनतेलाच्या फॉर्मिंगवर मोठा संशोधन कार्यक्रम झाला. त्यात ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात ब्रोझियस आणि मुसावी यांनी ही कल्पना उलट्या अंगाने वापरली. त्यांनी डायची फ्लँज आणि होल्डर सपाट ठेवलेच नाहीत. दोन्हींवर काही मिलिमीटर अंतराने गोलसर उंचवटे काढले. वरचे उंचवटे खालच्यांच्या मधे येतात, त्यामुळे पत्रा पूर्ण भिडत नाही, उंचवट्यांच्या माथ्यांवरून अगदी किंचित लाटा घेत सरकतो. आता कुणी चाणाक्ष श्रोता विचारेल की आमोंतॉंच्या नियमाप्रमाणे क्षेत्रफळाला महत्त्व नाही, मग संपर्क कमी करून काय मिळवले? बरोबर प्रश्न आहे. फायदा होतो तो मुख्यतः भारामुळे. किंचित लाटांत अडकलेला पत्रा ताठ होतो, सहजी सुरकुतत नाही, म्हणून होल्डरला त्याला जोरात दाबावे लागत नाही. दाब उतरला की घर्षण आपोआप उतरते. बदल्यात वाकवण्याचा थोडा जोर पदरी येतो. उंचवट्यांतले अंतर आणि लाटेची खोली यांचा मेळ चुकला तर तो जोर घर्षणापेक्षा भारी पडतो, सगळे डिझाइन याच मेळाचे आहे. पण घर्षणाची जागा वाकवण्याने घेतली की सकाळ-दुपारचा फरक आपल्या आवाक्यात येतो.

त्याच कार्यक्रमात स्टुटगार्टला डायमध्ये लेझरने बारीक भोके पाडून त्यांतून कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडला. तो वंगणासारखा काम करतो आणि उडून जातो. प्रयोगशाळेत छान दिसते. आपल्याकडच्या एखाद्या १५० टनी प्रेसवर ती भोके चिकट धुळीने किती दिवसांत बुजतील, याचा विचार मी सध्या करत नाही.

कोटिंगबद्दल फार बोलत नाही, कारण त्याची जाहिरात करणारे पुष्कळ आहेत. हार्ड क्रोम, टायटॅनियम नायट्राइड, व्हॅनेडियम कार्बाइडचा टीडी थर, हिऱ्यासारख्या कार्बनचा थर, सगळ्यांना आपापली जागा आहे. एवढेच लक्षात ठेवावे की कोटिंग काही मायक्रॉनचे असते आणि खालचा पृष्ठभाग जसा असेल तसाच वर उमटतो. टीडी सुमारे १००० अंश तापमानाच्या मीठकुंडात होते, तिथून बाहेर आल्यावर एचसीएचसी टूल स्टीलची डाय थोडी तरी फुगते किंवा वाकते, आणि मग महागडा थर चढलेल्या रेडियसवर ब्ल्यू मारून बसवणी तपासत बसावे लागते. स्टेनलेसची भांडी ओढणाऱ्यांनी त्यापेक्षा साधा मार्ग कधीच शोधला आहे. ते रेडियसला ॲल्युमिनियम ब्राँझची रिंग बसवतात. ती एचसीएचसीपेक्षा कितीतरी मऊ असते, लवकर झिजते, पण स्टेनलेस तिला चिकटत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे अकाउंट्सचे लोक विचारतात. तेल स्वस्त आहे, अजून थोडे लावा. पण तेल नुसते विकत घेऊन संपत नाही. लावलेले तेल वेल्डिंगआधी, रंगाआधी धुवावे लागते. धुण्याच्या टाकीला गरम पाणी, अल्कली, मग तो सांडपाण्याचा प्रश्न. स्टेनलेसच्या अवघड कामात वर्षानुवर्षे क्लोरिनयुक्त पॅराफिनची तेले वापरली गेली, कारण ती गॉलिंग रोखतात. त्यातल्या लहान साखळीच्या प्रकाराला २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत घातले गेले. उद्या तेलाच्या डब्यातून मिळणारी मदत कमी होत जाणार आहे, तेव्हा ती डायच्या पृष्ठभागातून काढावी लागेल.

आता अडचण सांगतो, आणि ती मोठी आहे. टेक्श्चर केलेली डाय पहिल्या दिवशी उत्तम चालेल. दोन महिन्यांनी रेडियसवर एखादा कण चिकटेल, रात्रपाळीचा फिटर सवयीने ऑइलस्टोन घेईल आणि लेझरने तासन्‌तास काढलेले पाच मायक्रॉनचे खड्डे पाच मिनिटांत सपाट करून टाकेल. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलेच नसते की ते खड्डे मुद्दाम आहेत. म्हणून माझे म्हणणे असे की पूर्ण डाय टेक्श्चर करायच्या भानगडीत पडू नये. रेडियस आणि त्याला लागून असलेली फ्लँजची थोडी पट्टी यांचे इन्सर्ट करावेत, बदलता येतील असे. एक डायवर, एक कपाटात. झिजलेला इन्सर्ट स्टोन न मारता काढायचा, दुसरा लावायचा, पहिला पुन्हा लेझरला पाठवायचा. ड्रॉइंगवर आरएबरोबर आरएसके लिहायचा, आणि रेडियसजवळ ठळक अक्षरांत ‘स्टोन मारू नये’ असे कोरून ठेवायचे. मराठीत कोरावे, रात्रपाळीला ते वाचले जाते.

इथे टूलरूमचे बरेच तरुण बसले आहेत. कुणाला करून बघायचे असेल तर सुरुवात मोठ्या डायने करू नका. स्टेनलेसची पट्टी घ्या, एक टेक्श्चर केलेला आणि एक नुसता पॉलिश केलेला असे दोन रेडियस घ्या, आणि पट्टी त्यांच्यावरून सलग ओढत राहा, तेल तेच, वेग तोच. पहिल्या ओढीतला जोर मोजून थांबू नका, तो दोन्हींचा सारखाच येण्याची शक्यता आहे. रेडियस तापू द्या, आणि कुणाच्या रेडियसवर नख आधी अडखळते ते लिहून ठेवा.